हात लावला की जाते

वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. दारात चपलांचा ढीग होता, खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती. एरवी ज्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरलेली असायची, तिथं हळदकुंकवाचं ताट, नारळ आणि अगरबत्तीचा धूर. मधोमध आमच्या वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर. त्याला झेंडूचा हार घातला होता. माउसवर लाल फडकं झाकून वर कुंकू वाहिलं होतं.

"मागं सरका," तातेराव महाराज म्हणाले. "हात मांडीवर घ्या. टेबलाला कुणाचा पदर लागता कामा न्हाई. लेकरू भितंय."

माणसं मुकाट मागं सरकली. महाराजांनी डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. "ओम विद्युतशक्ती, ओम तरंगशक्ती, ओम अदृश्य लहरी..." मी सातवीला ध्वनी आणि लहरी शिकवते. त्यातला एकही शब्द कुठल्या शास्त्रातला नव्हता आणि कुठल्या शास्त्रींचाही नव्हता. पण आवाज चांगला होता, आणि मधूनमधून त्यांचा एक डोळा किलकिला होऊन भिंतीवरच्या घड्याळाकडं जात होता. ते फक्त मला दिसलं, कारण बाकी सगळे पडद्याकडं बघत होते.

बराच वेळ पडद्यावर काहीच हललं नाही. मग एकाएकी तो बदलला आणि त्यावर एक शेळीचं करडू आलं. ते विरलं, औंढ्याच्या देवळाचं शिखर आलं. तेही विरलं आणि रागिणी आली. पिवळी ओढणी, अर्धवट हसू, डोळ्यावर आलेली बट. चेहरा हळूहळू मोठा होत गेला.

"जवळ येऊन राहिली," कुणीतरी बाई हुंदका देऊन म्हणाली.

पहिल्या रांगेत रागिणीची आई बसली होती, पंचफुलाबाई. तिनं दोन्ही हात मांडीत असे घट्ट धरले होते, जणू सुटले तर काही आक्रीत होईल. ती रडत नव्हती. पापणीही लववत नव्हती.

मी शीला. या गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमचं गाव कुरुंद्यापासून जवळच, हळदीचं आणि थोडं शेळ्यामेंढ्यांचं. रागिणी माझी विद्यार्थिनी. बाप मसाजी मेंढरं राखणारा, आई शेळ्या आणि शेत बघणारी, आणि ही पोरगी कॉम्प्युटरवेडी. नांदेडच्या एका कचेरीनं काढून टाकलेला डबा मी वाचनालयाला मिळवून दिला. त्यावर कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स घातलं, कारण ते फुकट मिळतं आणि कुणालाही उघडून बघता येतं, बदलता येतं. मी तिला दोन गोष्टी शिकवल्या, बाकीच्या ती स्वतःच शिकली. संध्याकाळी शेळ्या बांधल्या की ती वाचनालयात येऊन बसायची, ती विश्वंभरकाका कुलूप लावेपर्यंत. विश्वंभरकाका म्हणजे वाचनालयाचं सगळं काही, ग्रंथपाल म्हणा नाहीतर झाडूवाले म्हणा.

एप्रिलमध्ये तिची टायपिंगची परीक्षा होती नांदेडला. चुलतभावाच्या मोटारसायकलवर मागं बसून निघाली. वारंगा फाट्यावर ट्रकनं धडक दिली. चुलतभाऊ वाचला.

मी दहाव्याला होते. ओढ्याकाठी पिंड ठेवला होता आणि अख्खं गाव लांब उभं होतं, कावळा शिवण्याची वाट बघत. आमच्याकडं कावळा शिवला नाही की समजतात, गेलेल्याची काही इच्छा अडकून राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी कावळा आला नाही. लोकांनी एकेक करून वचनं दिली. धाकटीला शिकवू, शेळ्या विकणार नाही, तुझी पुस्तकं जपून ठेवू. कावळा लांब बाभळीवर बसून राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. पंचफुलाबाईनं ते पाहिलं आणि खाली बसली.

त्यानंतर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत सासरी गेले. जूनमध्ये शाळेसाठी परत आले, तर गावात हे.

झालं होतं ते असं. रागिणी गेल्यावर कॉम्प्युटरला हात लावायचं कुणाच्या जिवावर येईना. पण विश्वंभरकाका रोज सकाळी त्याचं बटण दाबायचे. ती दाबायची म्हणून. अगरबत्ती लावायचे आणि बाजूला व्हायचे. एके दिवशी पुस्तकं लावता लावता मागं वळून बघतात तर पडद्यावर रागिणी. काका जागच्या जागी बसले. पंचफुलाबाई शेळ्या टाकून धावत आली आणि पोरीच्या गालावरून हात फिरवावा म्हणून पुढं झाली. टेबलाला धक्का लागला आणि रागिणी गेली.

मग तातेराव महाराजांना बोलावलं. त्यांनी निदान केलं: कावळा शिवला नाही, आत्मा भटकत होता, त्याला हिच्या आवडीच्या यंत्रात जागा मिळाली. तेव्हापासून दर गुरुवारी दुपारी दर्शन. करडू दिसलं तेव्हा पोरीला बोकड हवा होता, तो महाराज घेऊन गेले. देवळाचं शिखर दिसलं तेव्हा औंढ्याला अभिषेक झाला, तोही महाराजांच्याच हातून. पडदा शेवटी काळा पडायचा. पडला की महाराज म्हणायचे, "निजली."

त्या गुरुवारी गर्दी पांगल्यावर मी विश्वंभरकाकांना म्हणाले, "काका, हा स्क्रीनसेव्हर आहे. यंत्र दहा मिनिटं रिकामं राहिलं की आपोआप फोटो दाखवतं."

"मग ती जिती होती तवा काहून न्हाई दिसला कधी?"

"कारण तेव्हा यंत्र रिकामं नसायचं, काका. ती बसलेली असायची त्याच्यापुढं."

काकांनी डोळे पुसले. पटलं नव्हतं. "तुमी शिकलेल्या हायेत मॅडम," एवढंच म्हणाले. आमच्याकडं शिकलेली म्हणजे कधी कधी कौतुक असतं आणि कधी कधी, तुला काय कळतंय, असा अर्थ असतो.

आणखी दोन दिवसांनी प्रियंका माझ्याच तासाला बाकावरून खाली पडली. प्रियंका रागिणीची धाकटी बहीण, आठवीत. तिला लहानपणापासून फिट येते, पण हिंगोलीच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती कितीतरी दिवसांत आली नव्हती. त्या दिवशी आली आणि थांबेना. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी ओढणी ठेवली. एक पोरगा चप्पल हुंगवायला धावला, त्याला हाकललं. थांबली तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते.

तिला घेऊन घरी गेले. देव्हाऱ्यात गोळ्यांची पाकिटं ठेवलेली दिसली, वर फूल वाहिलेलं.

"गोळ्या बंद केल्या?" मी विचारलं.

"महाराज म्हणले." पंचफुलाबाई चुलीपुढं बसली होती, माझ्याकडं बघत नव्हती. "पडद्यावर प्रियंकाचा फोटू आला. थोरली धाकटीला बोलवून राहिली. फिट येती ते तीच येती अंगात. गोळीनं तिची वाट अडती, मग ती चिडती."

"पंचफुलाबाई, गोळ्या अशा एकदम सोडल्या तर पोरगी जाईल हातची. हिला काही झालं तर?"

"थोरली धाकटीचं काय वाईट करंल." मग म्हणाली, "ती माझ्यावर रागावली हाय, मॅडम. परीक्षेच्या दिवशी शेळ्या सोडायच्या राहिल्या, आन ही आरशापुढं. म्या म्हणलं, जा एकदाची, तोंड दाखवू नको." चुलीतलं लाकूड तिनं आत सारलं. "समद्यांना दाखवती तोंड. म्या हात पुढं केला की जाती. महाराज म्हणले, आईवरचा राग फिटला न्हाई. धाकटीला तिच्या हवाली करा, मग फिटंल. येत्या गुरुवारी प्रियंकाला पडद्यापुढं बसवायचं हाय, फिट येईस्तोवर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आई आपल्या पोरीला सहज म्हणते ते, रोज म्हणते ते एक वाक्य. ते त्या माणसानं उचललं आणि तिच्याच गळ्याभोवती आवळलं. मी मसाजीला शोधत माळावर गेले. तो मेंढरांमागं काठीवर हनुवटी टेकून उभा होता. त्याला सगळं सांगितलं.

"मला त्यातलं कळत न्हाई," मसाजी म्हणाला. "पर एक हाय. बोकड नेला त्या दिवशी महाराज त्याच्या पाठीवर हात फिरवून त्याचं वजन बघून राहिला व्हता. आत्म्याच्या कामाचा माणूस वजन काहून बघंल?" मग म्हणाला, "गुरुवारी तुमी या. मी सांगतो लोकायला."

गुरुवारी वाचनालय आणखीच भरलं होतं. प्रियंकाला नवा झगा घालून टेबलापुढं बसवलं होतं. पोरगी भेदरली होती. महाराजांनी मंत्राला तोंड उघडलं तेवढ्यात मसाजी उठून उभा राहिला. "महाराज, आज आदी मॅडमचं ऐकायचं. पोरगी माझी हाय." गावात मसाजीचा आवाज सहसा कुणी ऐकत नाही, म्हणून सगळे गप्प झाले.

मी माउसवरचं फडकं काढलं. गर्दीत कुजबुज उठली. "विटाळ झाला," कुणीतरी म्हणालं.

"आज मंत्र मी म्हणते," मी म्हणाले.

"तुमाला येतो?" महाराज हसले.

"एकोणतीसचा पाढा येतो."

दोघंतिघं हसले. मी कॉम्प्युटरची सेटिंग उघडली आणि जिथं मिनिटांचा आकडा दिसला तिथं एक केलं. फडकं परत झाकलं, मागं सरले आणि मोठ्यानं, सावकाश पाढा सुरू केला. एकोणतीस एके एकोणतीस. रागिणीला हा पाढा कधी धड आला नाही, एकोणतीस साते दोनशे तीनवर ती दरवेळी अडायची. मीही नेमकी तिथं येऊन अडखळले.

पाढा संपायच्या आत पडदा बदलला. पण फोटो आले नाहीत. पडदा नुसता काळा झाला.

"रुसली," महाराज म्हणाले. आवाजात त्यांनी बरोबर तेवढं दुःख आणलं. "शिकलेल्या हातानं छळलं लेकराला."

पंचफुलाबाईच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मला अजून ऐकू येतो. लोक उठायला लागले, बाहेरून कुणीतरी म्हणालं, मॅडमला बाहेर काढा. मी परत सेटिंग उघडून बघितली. मग लक्षात आलं. या यंत्रात दोन घड्याळं असतात. एक किती वेळानं फोटो सुरू करायचे ते सांगतं, दुसरं किती वेळानं वीज वाचवायला पडदा विझवायचा ते. घाईत मी दुसऱ्यालाच एक मिनिट दिलं होतं. महाराजांच्या सांगण्यात रागिणी दर गुरुवारी "निजायची" ती याच दुसऱ्या घड्याळानं.

"माझं चुकलं," मी मोठ्यानं म्हणाले. "बसा. चूक झाली की दुरुस्त करायची असते. बघा मी काय करते ते." दुसरं घड्याळ बंद केलं, पहिल्याला एक मिनिट दिलं. प्रत्येक गोष्ट करताना सांगितली. आणि परत पाढा.

एकोणतीस आठेला करडू आलं. मग हळदीची रास. मग रागिणी.

महाराजांनी लगेच सावरलं. "माझ्या साधनेनं वाट मोकळी झाली. आता ती कुणाच्याबी आवाजाला येती."

"बरं," मी म्हणाले. "महाराज, इकडं बघा." मोबाइलनं त्यांचा फोटो काढला, वायर जोडली आणि रागिणीनं ज्या फोल्डरात फोटो ठेवले होते त्यात तो टाकला. "आता आपण सगळे मिळून गप्प बसू. मंत्र नाही, पाढा नाही."

गप्प बसलो. करडू आलं. देऊळ आलं. प्रियंका आली, दोन वेण्यांची, आणि खुर्चीतली प्रियंका आईकडं बघायला लागली. वाचनालयाची पाटी आली. आणि मग, कपाळावर भस्म, तोंड अर्धवट उघडं, डोळे मोबाइलकडं, खुद्द तातेराव महाराज. चेहरा हळूहळू मोठा होत पुढं आला.

खिडकीला लटकलेल्या पोरांतल्या बालाजीनं विचारलं, "महाराज, तुमी कवा वारले?"

गर्दी हसली. खदाखदा हसली, दोन महिने दाबून धरल्यासारखी. महाराजांनी काहीतरी शाप पुटपुटला. विश्वंभरकाका इतका वेळ त्यांच्याकडं टक लावून बघत होते. ते म्हणाले, "तातेराव, तुमचं वारंगा फाट्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान व्हतं न्हाई का? मी चार्जर घेतला व्हता तुमच्यापासून." त्यावर महाराज उठलेच. चपलांच्या ढिगात त्यांना स्वतःची चप्पल सापडेना, तेव्हा कुणाची तरी घालून गेले.

मी लोकांना सगळं उघडून दाखवलं. हे फोल्डर, हे फोटो, रागिणीनंच काढलेले. चेहरा जवळ येतो कारण हा कार्यक्रम प्रत्येक फोटो हळूहळू मोठा करतो. करडूसुद्धा जवळ येतं, हळदीची रासही. प्रियंकाचा फोटो आत आहे म्हणून प्रियंका दिसते. ते बोलावणं नाही. आणि सगळे मागं सरकून हात बांधून बसता, म्हणूनच ते सुरू होतं. ओढ्यावर कावळ्यासाठी आपण जसे लांब उभे राहतो, अगदी तसेच तुम्ही इथं बसलात. त्या सवयीचाच त्या माणसानं धंदा केला.

लोक हसत, बोलत, एकमेकांना चिमटे काढत गेले. आपण दर गुरुवारी इथं हात जोडून बसत होतो हे तोवर बरेच जण विसरलेही होते.

पंचफुलाबाई उठली नाही. ती एकदाही हसली नव्हती.

"मग ती यात न्हाई," ती म्हणाली.

"नाही."

"कवाच नव्हती."

"नाही. तिचे फोटो आहेत."

"मग कुठं हाय?"

अशा वेळी खोटं बोलायचा मोह होतो. वर आहे म्हणावं, चांगल्या ठिकाणी आहे म्हणावं. मला जमलं नाही. "ती नाही पंचफुलाबाई. ती गेली."

"तुमी वाईट केलं, मॅडम." आवाजात राग नव्हता. "गुरुवार तरी व्हता मला."

खरं होतं ते. मी तिचा गुरुवार काढून घेतला होता आणि त्या जागी द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. मलाही ती पोरगी हवी होती. त्या खुर्चीत पाठमोरी बसलेली, हाक मारली तरी न वळणारी.

मग तिनं विचारलं, "म्या हात लावला की ती जायची. ते काहून?"

"कुणीही हात लावला की जातं. मी लावला तरी. मसाजीनं लावला तरी. माणूस आलं असं समजून यंत्र फोटो बाजूला ठेवतं आणि कामाला तयार होतं. हात कुणाचा आहे ते त्याला कळत नाही."

"म्हंजी माझ्यावर रागावून न्हाई?"

"नाही."

तिनं हात पदराला पुसला. माउसवर असा ठेवला जसा झोपलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात. रागिणी गेली. पंचफुलाबाईनं हात मांडीत घेतले आणि वाट बघितली. करडू आलं, हळद आली, रागिणी आली. तिनं परत हात लावला. गेली. परत वाट बघितली. आली. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मसाजी दारात उभा राहून बघत होता.

"हात लावला तरी येती मागारी," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आन कावळा? कावळा बी असाच?"

"त्या दिवशी ओढ्यावर गाव लोटलं होतं. कुत्री होती. आपल्या गावातला भारत त्यांना दगड मारत होता, पिंडाच्या अगदी जवळ. कावळा कसा येईल?"

"व्हय," ती म्हणाली. "भारत दगड मारून राहिला व्हता." आणि मग तिला रडू फुटलं. मसाजी नंतर मला म्हणाला की पोरगी गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली. प्रियंका खुर्चीतून उतरली आणि आईला जाऊन चिकटली.

आता तो कॉम्प्युटर पोरं वापरतात. पंचफुलाबाईलाच विचारून मी हार काढला. स्क्रीनसेव्हर तसाच ठेवलाय, परत दहा मिनिटांवर. फक्त महाराजांचा फोटो काढून टाकला. पोरं दिवसभर बसतात, त्यामुळं रागिणी क्वचितच दिसते. दिसली तर कुणी दचकत नाही. "रागिणीताई आली," म्हणतात आणि माउस हलवतात.

मी एवढंच सांगेन. घरातलं माणूस जातं तेव्हा त्याच्या मागं एक रिकामी जागा राहते, आणि त्या जागेत दुकान मांडायला कुणी ना कुणी टपलेलंच असतं. तुमच्या दुःखाला हसणारा मी कुणी पाहिला नाही, पण त्यावर बोकड नेणारे पाहिलेत. अशा वेळी रडा, पोटभर रडा. पण कुणी सांगितलं की इथं हात लावायचा नाही, इथं प्रश्न विचारायचा नाही, तर तिथंच आधी हात लावा. खरं असेल ते हात लावल्यानं जात नाही. आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणाच्याही सांगण्यावरून देव्हाऱ्यात ठेवू नका.

परवा संध्याकाळी प्रियंका वाचनालयात टायपिंग करत होती. पंचफुलाबाई शेळ्या बांधून आली, दारातूनच म्हणाली, "चल, गोळीची येळ झाली." प्रियंका म्हणाली, पाच मिनिटं. मला वाटलं आता आई रागावणार. ती आत आली, पोरीशेजारी स्टूल ओढून बसली आणि तिचं होईपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत राहिली.